भांड्यावरचं नाव : ख्रिस्ती घरात सुंतेचा प्रश्न

१. एक प्रश्न, तीन दारं

नाताळपासून मोजलं तर आठवा दिवस एक जानेवारीला येतो. त्या दिवशी अनेक चर्चमध्ये लूकच्या शुभवर्तमानातली एक छोटीशी नोंद वाचली जाते. बाळ आठ दिवसांचं झालं तेव्हा त्याची सुंता झाली आणि नाव ठेवलं येशू. आपल्याकडे बारशाला जे होतं ते यहुद्यांकडे आठव्या दिवशी होई, एवढाच त्याचा अर्थ. पण वाचन संपतं आणि संडे स्कूलमधला एखादा चुणचुणीत पोरगा विचारतो, ‘‘पाळकसाहेब, येशूची झाली होती, मग आमची का नाही?’’ मागच्या बाकावर खसखस पिकते. पाळकसाहेब घसा खाकरून पुढचं गीत सांगतात.

दुसऱ्या दारातून हाच प्रश्न फोनवर येतो. लेक अमेरिकेत बाळंत झालेली, आई भंडाऱ्यात. ‘‘आई, इथं हॉस्पिटलवाले विचारून राहिले, बाळाची सुंता करायची का म्हणून. काय सांगू?’’ आई चक्रावते. ‘‘अवं बाई, आपण ख्रिस्ती ना? तुझ्या भावाची केली होती का आपण?’’

तिसरं दार दवाखान्याचं. चार वर्षांच्या मुलाला लघवी करताना पुढं फुगा येतो. कुणीतरी ‘छोटं ऑपरेशन’ सुचवतं आणि बाप हळू आवाजात म्हणतो, ‘‘पण आमच्यात नसतं ते.’’

तिघांच्या तोंडी शब्द एकच असला, तरी पहिला धर्माबद्दल विचारतो, दुसरी रिवाजाबद्दल आणि तिसरा आजाराबद्दल. हे तीन धागे एकात गुंतले की उत्तर सापडत नाही. म्हणून ते एकेक करून सोडवू.

२. आधी शब्द

मुलाच्या लिंगाच्या टोकावर त्वचेचं एक आवरण असतं. ते कापून काढणं म्हणजे सुंता. हा शब्द अरबी ‘सुन्नत’वरून आला. सुन्नत म्हणजे घालून दिलेली वाट. मुसलमान समाजात याच विधीला ‘खतना’ही म्हणतात. यहुद्यांच्या हिब्रू भाषेत त्याचं नाव ‘ब्रित मिला’, म्हणजे कापण्याचा करार. मराठी बायबलमध्ये मात्र जिथं जिथं हा विधी येतो तिथं ‘सुंता’ हाच शब्द छापलेला असतो.

याचा एक परिणाम मजेशीर आहे. मराठी ख्रिस्ती माणूस अब्राहामाची, योहानाची, खुद्द येशूची गोष्ट वाचतो ती शेजारच्या मोहल्ल्यातल्या शब्दात. त्यामुळे ‘हे त्यांचं, आपलं नाही’ असं तो पटकन म्हणून टाकतो. प्रत्यक्षात त्याच्या स्वतःच्या धर्मग्रंथात या एका विधीवर जेवढा वाद झाला, तेवढा फार थोड्या गोष्टींवर झाला असेल.

३. पितळी गुंडावरचं नाव

भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखलं जातं, तेव्हा उदाहरण तिथलंच घेऊ. लग्नात पाण्याचा गुंड द्यायचा तर घेणारा दुकानातच म्हणतो, ‘‘नाव घालून द्या.’’ कारागीर टोकदार छिन्नीनं ठक् ठक् करत अक्षरं उमटवतो. आता विजेचं यंत्र घर्रर्र करत तेच काम करतं. त्या नावाची तीन वैशिष्ट्यं असतात. भांडं कुणाच्या घरचं ते त्यावरून कळतं. ते पुसता येत नाही. आणि आत गंगाजल आहे की गढूळ पाणी, हे ते सांगत नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकातल्या सतराव्या अध्यायात अब्राहाम नव्याण्णव वर्षांचा आहे. देव त्याच्याशी करार करतो आणि त्या कराराची खूण म्हणून सुंता सांगतो. त्याची, तेरा वर्षांच्या इश्माएलाची आणि घरातल्या नोकरचाकरांसकट सगळ्या पुरुषांची. पुढच्या पिढ्यांसाठी नियम ठरतो आठव्या दिवसाचा. म्हणजे त्या घराण्याच्या भांड्यावर घातलेलं हे नाव.

तिसरं वैशिष्ट्यही बायबलला ठाऊक होतं. मोशेच्या तोंडी आणि पुढं यिर्मयाच्या तोंडी अंतःकरणाची सुंता करा, असं आवाहन येतं. नाव वर असून भागत नाही, आत काय आहे ते बघा, हा सूर ख्रिस्ताच्या कितीतरी आधीपासून लागलेला होता.

४. कोकणातले शनवार तेली

हे नाव पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं बघायला मराठी माणसाला यरुशलेमला जायला नको. अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात बेने इस्राएल समाज शतकानुशतकं राहिला. नवगावजवळ जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, असं ते सांगतात. ते तेलघाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. आडनावं केहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी अस्सल इथली, आणि घरची भाषा मराठी.

इतर यहुद्यांपासून दूर पडल्यामुळे हिब्रू भाषा त्यांच्या हातून निसटली, ग्रंथ गेले, पुष्कळ सण विसरले. पण शनिवारची विश्रांती, ‘शेमा’ ही प्रार्थना आणि आठव्या दिवसाची सुंता टिकली. शुभकार्यात पोहे, साखर आणि ओलं खोबरं घालून केलेला मलिदा आणि एलियाहू संदेष्ट्याचं स्मरण हेही त्यांनी जपलं. पुस्तक नसताना समाज कशाच्या आधारानं ओळख धरून राहतो, याचं हे उत्तर. त्यांच्यासाठी सुंता म्हणजे वंशावळीची शेवटची जिवंत ओळ होती.

याच समाजासाठी स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे ते स्टीफन हिस्लॉपही याच स्कॉटिश परंपरेतले. तिच्याच मिशननं पुढं भंडाऱ्यात ठाणं मांडलं. म्हणजे ज्या परंपरेनं कोकणात यहुद्यांना त्यांची मूळ भाषा परत शिकायला मदत केली, तिनंच वैनगंगेकाठी ख्रिस्ती मंडळ्या उभ्या केल्या. पण भंडाऱ्यातल्या ख्रिस्ती घरांत सुंता आली नाही. का आली नाही, हे समजायला इसवी सनाच्या पहिल्या शतकात जावं लागेल.

५. यरुशलेमची बैठक

येशूचे पहिले शिष्य सगळे यहुदी, त्यामुळे सुरुवातीला प्रश्नच नव्हता. मग ग्रीक, सिरियन, रोमन माणसं विश्वास ठेवू लागली. काही यहुदी विश्वासणाऱ्यांनी त्यांना बजावलं की आधी सुंता करा, नाहीतर तारण नाही. अंत्युखियाच्या मंडळीत भांडण पेटलं.

साधारण इसवी सन ४९-५०च्या सुमारास यरुशलेममध्ये बैठक बसली. तिची हकिगत प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात आहे. शिष्यांपैकी पेत्रानं अनुभव सांगितला. कर्नेल्य नावाच्या रोमन अधिकाऱ्याच्या घरी त्यानं सुंता न झालेल्या लोकांवर पवित्र आत्मा उतरलेला पाहिला होता. देवानं त्यांना आहेत तसं घेतलं, मग आपण अडवणारे कोण? यहुदी नसलेल्यांत प्रचार करणाऱ्या पौल आणि बर्णबा यांनी आपल्या फेरीतलं सांगितलं. शेवटी यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख याकोब यानं निकाल दिला. मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म एवढं टाळा. सुंतेचं ओझं नव्या लोकांवर घालू नये.

या निकालाचं वजन ओळखायचं तर बेने इस्राएल समाज आठवावा. जी खूण शेवटपर्यंत सोडायची नाही, ती खूण यहुदी माणसांनीच एकत्र बसून इतरांसाठी अनावश्यक ठरवली. ख्रिस्ती धर्म एका वंशाचा न राहता सगळ्यांचा झाला तो या दारातून.

६. दोन तरुण

आता एक छोटं उदाहरण सोडवून पाहू. पौलाचे दोन तरुण सोबती होते, तीमथ्य आणि तीत. तीमथ्याची आई यहुदी, बाप ग्रीक. पौलानं त्याची सुंता करवली. तीत ग्रीक, त्याच्या सुंतेचा आग्रह झाला तेव्हा पौल अडून बसला आणि ती होऊ दिली नाही. एकाच माणसाचे हे दोन निर्णय एकमेकांविरुद्ध वाटतात.

पौलाचा प्रश्न दोन्ही वेळा एकच होता. हे कशासाठी करायचं? तीमथ्याला यहुदी वस्त्यांमध्ये काम करायचं होतं. तिथली दारं बंद होऊ नयेत एवढाच हेतू, तारणाचा संबंध नाही. तीताच्या वेळी मात्र सुंता ही तारणाची अट म्हणून पुढं केली गेली होती. तिथं मान तुकवली असती तर ख्रिस्तावरचा विश्वास अपुरा ठरला असता.

गलतीकरांना आणि करिंथकरांना लिहिलेल्या पत्रांत पौल याचा नियम मांडतो. त्या नियमाला दोन बाजू आहेत आणि लोक बहुधा एकच लक्षात ठेवतात. सुंता झाल्यानं देवाजवळ काही वाढत नाही, ही एक. आणि सुंता न झाल्यानंही काही वाढत नाही, ही दुसरी. ज्याची झाली आहे त्यानं ती खूण लपवायला जाऊ नये, असंही तो सांगतो. ग्रीक व्यायामशाळेत उघड्यानं वावरताना लाज वाटून काही यहुदी ती खूण झाकण्याचे वैद्यकीय उपाय करून घेत, त्याला हा टोला होता.

७. मग ख्रिस्ती मुलांची सुंता आली कुठून?

निकाल एवढा स्पष्ट, तरी जगात कोट्यवधी ख्रिस्ती पुरुषांची सुंता झालेली आहे. त्यामागं निरनिराळी कारणं आहेत.

पहिलं कारण जुनी चालरीत. इथिओपियाच्या आणि इजिप्तच्या प्राचीन मंडळ्यांमध्ये ही प्रथा टिकून राहिली. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मसभेनं इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांशी ऐक्य करताना सुंता थांबवा, असं फर्मान काढलं. प्रथा चालूच राहिली. फिलिपिन्समध्ये कॅथलिक घरातली मुलं मिसरूड फुटण्याआधी, बहुधा उन्हाळी सुट्टीत, सुंता करून घेतात. तिथं ती पुरुष होण्याची पायरी समजतात.

दुसरं कारण एकोणिसाव्या शतकातलं वैद्यक. १८७० मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर लुईस सेअर यांनी सुंतेनं लकव्यासारखे विकार बरे होतात, असा दावा केला. कॉर्नफ्लेक्सशी नाव जोडलेले जॉन हार्वे केलॉग हे हस्तमैथुनाला आळा म्हणून तिची शिफारस करत. दोन्ही कल्पना पुढं टाकून दिल्या गेल्या, पण हॉस्पिटलची सवय उरली. २०१० मध्येही अमेरिकेत जन्मलेल्या मुलग्यांपैकी साधारण ५८ टक्क्यांची सुंता हॉस्पिटलातच झाली.

म्हणजे भंडाऱ्याच्या लेकीला तिथं जो प्रश्न विचारला गेला, तो बायबलमधून आलेला नव्हता. घरातलं जुनं कपाट कुणी आणलं ते कुणाला आठवत नाही, पण ते हलवायचंही कुणाला सुचत नाही, तसा तो रिवाज.

८. शरीराचं गणित

आता तिसरं दार. धानाच्या लोंबीत दूध भरतं तेव्हा साल दाण्यापासून सोडवायला गेलं तर दाणाच चिरडतो. तीच लोंबी पिकून वाळली की दाणा न चिरडता साल सुटी करता येते. बाळाच्या लिंगावरची त्वचाही जन्मतः अशीच आतल्या भागाला चिकटलेली असते आणि वयाबरोबर सुटी होत जाते.

१९४९ मध्ये ब्रिटिश डॉक्टर डग्लस गेर्डनर यांनी मुलं तपासून हे मोजलं. १०० नवजात मुलांमध्ये जेमतेम ४ जणांची त्वचा पूर्ण मागं सरकत होती. तीन वर्षांच्या मुलांमध्ये शंभरात सुमारे ९० जणांची. नंतरच्या अभ्यासांत हा वेग आणखी सावकाश आढळला. काही मुलांना वयात येईपर्यंत वेळ लागतो. म्हणजे चार वर्षांच्या पोराची त्वचा मागं जात नाही, एवढ्यावरून तो आजारी ठरत नाही. ऑपरेशनचा विचार होतो तो त्वचेवर व्रण धरून ती आवळली तर, पुनःपुन्हा पू झाला तर, किंवा लघवी अडली तर. त्याआधी बरेचदा मलमानं काम भागतं. गेर्डनर यांनी आणखी एक नोंद केली. त्या काळी इंग्लंड-वेल्समध्ये सुंतेमुळे वर्षाला सुमारे १६ मुलं दगावत. तिथं ही प्रथा ओसरायला गेर्डनर यांच्या लेखाचा मोठा हातभार लागला.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सुंता झालेल्या बाळांना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग कमी होतो. पण तो मुळात मुलग्यांमध्ये शंभरात एखाद्यालाच होतो. त्यामुळे एक संसर्ग टाळायला साधारण १११ बाळांची सुंता करावी लागते, असा हिशेब निघाला आहे. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा इथल्या चाचण्यांत सुंता झालेल्या पुरुषांना स्त्रीकडून एचआयव्ही होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटला, आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लागण फार असलेल्या आफ्रिकी देशांसाठी तिची शिफारस केली.

हे ६० टक्के नीट वाचायला हवेत. जिथं हजारात शंभरांना लागण होते तिथं ती चाळीसवर येईल, साठ जण वाचतील. जिथं हजारात दोघांनाच होते तिथं ते दोघं जवळपास एकावर येतील. टक्केवारी तीच, फायदा वेगळा. आणि तान्ह्या बाळाला हा धोकाच नसतो. मोठा झाल्यावर तो स्वतः ठरवू शकतो.

म्हणूनच जाणकारांत एकमत नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्ये फायदे धोक्यांपेक्षा जास्त असल्याचं म्हटलं, तरी सरसकट शिफारस करण्याइतके ते नाहीत असंही नोंदवलं. नेदरलँड्सच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१० मध्ये आजार नसताना मुलांची सुंता करू नये, असा कौल दिला.

९. बाळाला विचारलं होतं का?

इथं एखादा हुशार वाचक अडवेल. बाळाची संमती नाही म्हणून सुंता नको, तर मग तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा कसा चालतो? तेव्हा तरी कुणी त्याला विचारतं?

प्रश्न बिनतोड आहे. स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेतले लोक, म्हणजे भंडाऱ्याला ज्यांनी चर्च दिलं ते, बाळांच्या बाप्तिस्म्याचं समर्थन करताना सुंतेचाच दाखला देतात. यहुदी बाळ जसं आठव्या दिवशी कराराच्या घरात येई, तसं ख्रिस्ती बाळ पाण्यानं येतं. बाप्टिस्ट मंडळ्यांना हे मान्य नाही. ज्याला कळतं त्यानंच बाप्तिस्मा घ्यावा, असं त्यांचं म्हणणं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा दोन्ही विचारांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि दोन्ही पद्धतींना एकाच छपराखाली जागा मिळाली.

मग फरक कुठं? पाणी सुकतं. मोठा झालेला मुलगा त्या बाप्तिस्म्याला दृढीकरणानं होकार देऊ शकतो किंवा पाठ फिरवू शकतो. अंगावर काही कमी झालेलं नसतं. कान टोचले तर भोक बुजू शकतं. कापलेली त्वचा मात्र परत येत नाही. आईबाप मुलाच्या वतीनं रोज निर्णय घेतात, लसही टोचतात. पण निर्णय जितका न पुसणारा, तितकं कारण भक्कम लागतं.

कॅथलिक चर्चची धर्मशिकवण हीच कसोटी मांडते. उपचाराच्या गरजेशिवाय निर्दोष माणसाच्या शरीराचा भाग कापणं नैतिकतेला धरून नाही, असं तिच्या २२९७व्या परिच्छेदाचं तात्पर्य. तिथं सुंतेचं नाव नाही, त्यामुळे ती यात मोडते की इतकी किरकोळ आहे की मोडत नाही, यावर कॅथलिक विचारवंतांत दोन मतं आहेत. मला पहिलं मत पटतं. ख्रिस्ती आईबापांजवळ सुंतेसाठी धर्माचं कारण शिल्लक नाही; यरुशलेमच्या बैठकीनं ते काढून घेतलं. आजाराचं कारण असेल तर ती शस्त्रक्रिया आहे, अपेंडिक्सइतकीच धर्माबाहेरची. दोन्ही नसताना ‘सगळे करतात’ एवढंच उरतं, आणि निरोगी बाळाला सुरी लावायला ते पुरत नाही.

१०. पौलाची दुसरी बाजू

एवढं वाचून कुणी शेजाऱ्याकडे बोट दाखवणार असेल तर त्यानं सहावा भाग पुन्हा वाचावा. सुंता न झाल्यानंही काही वाढत नाही, हे त्याच नियमाचं दुसरं अंग. यहुदी आणि मुसलमान घरांसाठी ही अब्राहामापासून आलेली खूण आहे. त्यांच्या तराजूत धर्माचं पारडं रिकामं नाही. २०१२ मध्ये जर्मनीत कोलोनच्या न्यायालयानं बालसुंतेला शारीरिक इजा ठरवलं, तेव्हा यहुदी आणि मुसलमानांच्या बरोबरीनं तिथल्या चर्चच्या धुरीणांनीही चिंता व्यक्त केली. वर्ष सरायच्या आत संसदेनं कायदा करून आईबापांना मुभा दिली.

आपल्या देशात या खुणेला एक काळा इतिहासही आहे. फाळणीच्या दंगलींत माणसं नागवी करून तपासली गेली आणि त्या बोटभर त्वचेवर त्यांचं जगणं-मरणं ठरलं. ज्या समाजानं हे पाहिलं, तिथं सुंतेची नैतिकता बोलताना आधी आवाज खाली आणावा लागतो. आपल्या मुलासाठी निर्णय घेणं एक, आणि दुसऱ्याच्या मुलाच्या अंगावरून त्याची पारख करणं दुसरं.

११. तिघांना उत्तर

संडे स्कूलच्या मुलाला पाळकसाहेबांनी लाजून गीताकडे वळायची गरज नाही. येशू यहुदी घरात जन्मला, म्हणून त्या घराची खूण त्याच्या अंगावर पडली. तू दुसऱ्या दारानं त्याच घरात आलास, आणि त्या दारावर ही अट नाही, असं सरळ सांगावं.

अमेरिकेतल्या लेकीनं नर्सला ‘नको’ म्हटलं तर तिच्या विश्वासात काही उणं पडत नाही. हॉस्पिटल विचारतं तो रिवाज आहे, आज्ञा नव्हे.

आणि चार वर्षांच्या मुलाच्या बापानं ‘आमच्यात नसतं’ म्हणून उठून जाऊ नये. डॉक्टरांना विचारावं, ‘‘व्रण धरलाय का? लघवी अडते का? मलमानं भागेल का? थांबलं तर चालेल का?’’ चारही उत्तरं ऐकून ऑपरेशनच लागलं तर निर्धास्त करावं. त्यानं मुलगा दुसऱ्या कुणाचा होत नाही.

जाता जाता आजीसाठी एक काम. बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईला रोज त्वचा जोरानं मागं ओढायची सवय असते, ‘मोकळी व्हावी’ म्हणून. त्यानं बारीक चिरा पडतात, त्यांचे व्रण होतात, कधी त्वचा मागं अडकून सूज चढते. आणि ज्या ऑपरेशनची गरज नव्हती ते ओढवून घेतलं जातं. दुधात असलेली लोंबी कुणी सोलत नाही. तेवढं तिला उद्याच सांगा.